निजू नको म्हणणारी माणसं

माझी बायको दुपारी झोपली ती उठली नाही. मागच्या फाल्गुनातली गोष्ट. दहाव्याला नदीवर माणसं जमली तेव्हा तिच्या माहेरचा एक जण माझ्याजवळ येऊन बसला. तंबाखू मळता मळता म्हणाला, "पावणं, दिस कलंस्तवर बाईमाणूस झोपतंय म्हणल्यावर हाक तर मारायची."

दहाव्याला कोण भांडतं. पण ते बोलणं मनातून जात नाही. तिला झोपेतून उठवायचं नाही, हे आमच्या घरात फार वर्षांपूर्वी ठरलेलं होतं. ते का ठरलं हे त्याला माहीत नाही. त्या साली तो नाशकाकडं कामाला होता. तेव्हा लिहूनच टाकतो.

डिंभ्याचं धरण भरून पाणी आमच्या खाचरांच्या खाली येऊन थांबलं, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. घरात मी, ती आणि माझी आत्या. आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण. नवरा गेल्यावर भावाकडं आली ती कायमची. तोंडाची वाईट, हाताची चांगली. आमची पोरगी नुकतीच सासरी गेली होती.

भाताची लावणी उरकली होती. उजाडताना बायको चुलीसाठी पडवीतल्या ढिगातून गोवऱ्या काढत होती. हाताला काहीतरी टोचलं. तिला वाटलं काटकी असेल. तिनं चूल पेटवली, चहा केला, मला दिला. मग म्हणाली पोटात दुखतंय. मी म्हटलं रात्रीचं बाधलं असेल. थोड्या वेळानं म्हणाली, "पापण्या उचलंना झाल्यात. झोप आल्यागत व्हतंय." तेव्हा मी काठीनं गोवऱ्या उलथल्या. खाली मण्यार. काळी, अंगावर पांढरे पट्टे, गप पडलेली.

आत्या पळत जाऊन विख उतरवणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन आली. आमच्या भागात हा म्हातारा सगळ्यांना माहीत होता. त्यानं तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि लिंबाचा पाला चावायला दिला. त्याची रीत अशी की पाला कडू लागला तर विख नाही किंवा उतरलं. कडू लागला नाही तर विख अंगात आहे. आणि विख अंगात आहे तोवर माणसाला झोपू द्यायचं नाही. झोपलं की गेलं. हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. कुणाला साप चावला की सगळी आळी त्याच्याभोवती बसते, भजन म्हणते, चिमटे काढते, तोंडावर पाणी मारते. म्हातारा पाला खाऊ घालून 'उतरलं, आता नीज' म्हणेपर्यंत.

तिनं पाला चावला आणि म्हणाली, कशाचीच चव लागत नाही. म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "हे माझ्या हातातलं न्हाई. मण्यार हाय. गाडी बघ. आन घोडेगावपातूर हिला निजू देऊ नको."

खोटं बोलून बसवून ठेवणारा माणूस नव्हता तो. म्हणून ती वाचली, हे मी आजही म्हणतो.

घोडेगावला चाललेल्या जीपमधली माणसं आपणहून उतरली. वाटेत आत्या तिच्या गालावर चापट्या मारत होती. घोडेगावच्या दवाखान्यात पोचेस्तवर तिची जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळायला लागली, छाती नीट हलेना. तिथल्या डॉक्टरनं विखावरची इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली आणि नळीला रबराची पिशवी जोडली. पिशवी दाबली की वारा आत, सोडली की बाहेर. म्हणाले, इथं श्वासाचं मशीन नाही, जुन्नरच्या बाजूला हायवेवर हॉस्पिटल आहे, तिथं न्या. बरोबर दवाखान्यातला एक माणूस दिला. त्याच जीपनं निघालो.

वाटेत त्या माणसाचा हात भरून आला तसा त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. मी घाबरून भराभरा दाबायला लागलो. तो म्हणाला, "भाऊ, भाता न्हाई हा. तुमी श्वास घेता तवा दाबा, तुमी सोडता तवा सोडा." मग मी तसंच करत गेलो. खड्डा आला की माझा श्वास अडकायचा, की तिचाही अडकायचा. तेवढी वाट आम्ही दोघं एकाच श्वासावर होतो. एवढी वर्षं संसार केला, पण तेवढं जवळ कधी बसलो नव्हतो.

हॉस्पिटलात तिला काचेच्या खोलीत ठेवलं आणि मशीन लावलं. डोळे मिटलेले, हात लाकडासारखा पडलेला. छाती तेवढी मशीनबरोबर वर खाली. ते बघून आत्या पायथ्याशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघ बाबा, ही तर गेल्यात जमा. तू अजून हातीपायी धड हायस. माझ्या दिराच्या गावात एक बाई हाय, नवऱ्यानं टाकल्याली, कामाला लई चांगली. वरीस झालं की बघू."

मी काही म्हणायच्या आत सलाईन बदलणारी सिस्टर वळली. ही सिस्टर अवसरी खुर्दकडची, पोक्त बाई. कुणाची भीड ठेवायची नाही. म्हणाली, "आजी, लग्न जमवायचं तर बाहेर जाऊन जमवा. पेशंटला ऐकू येतंय."

"मढ्याला काय ऐकू येतंय," आत्या म्हणाली.

सिस्टरनं बायकोच्या पायावरची चादर बाजूला केली. म्हणाली, बाई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा. अंगठा हलला. थोडाच, पण हलला. नंतर कळलं की मण्यारीच्या विखात असंच होतं. सगळं अंग बंद, पण आत माणूस जागा. बोलता येत नाही, डोळा उघडत नाही, श्वास घेता येत नाही, आणि बाहेरचं सगळं ऐकू येतं.

त्या दिवसापासून आत्या घरी जाईना. झालेली चूक भरून काढायचं तिनं मनावर घेतलं. गावाकडं निरोप धाडला की निजू द्यायचं नाही, पाळीनं या. माणसं आली. जीप करून, एसटीनं, दुधाच्या गाडीत बसून. त्या हॉस्पिटलात सिस्टर कमी होत्या, म्हणून खोलीत एका माणसाला बसू द्यायचे. ती एक जागा आम्ही कधी रिकामी ठेवली नाही. एक उठला की दुसरा. कोणी तळवे चोळायचा, कोणी कानाशी बोलायचा, कोणी हळू आवाजात अभंग म्हणायचा. टाळ दारातच ठेवून घेतले, नाहीतर तेही आत गेले असते. जरा अंगठा हलायचा थांबला की आत्या चिमटा काढायची. मीही माझ्या पाळीला तेच करत होतो. हॉस्पिटलातली माणसं म्हणायची, किती जीव लावतात हे लोक.

विख हळूहळू उतरत गेलं. आधी पापण्या उघडल्या. मग हाताची मूठ वळायला लागली. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं सिस्टरनं तिला लावून दिलं. डॉक्टर रोज यायचे आणि उशीवरून मान उचलायला सांगायचे. मान उचलून धरता आली त्या दिवशी ते खूश झाले. मला म्हणाले, आता हिला मशीनवरून काढायचं, पण एकदम नाही. मशीनचा वाटा कमी करत जायचा, हिचा वाढवत जायचा.

मला ते लगेच पटलं. उन्हाळाभर बसून राहिलेल्या बैलाला कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर जुंपत नाही. नांगराचं एक तास मारायचं, सोडायचं, बघायचं.

सकाळी त्यांनी मशीन सोडवलं आणि घशातल्या नळीला नुसती ऑक्सिजनची नळी जोडली. तिनं श्वास घेतला. स्वतःचा. मी दारातून बघत होतो. थोडा वेळ बरं चाललं. मग खांदे उचलायला लागले, नाकपुड्या फुलल्या, कपाळावर घाम आला, श्वास बारीक आणि भराभर व्हायला लागला. डॉक्टरांनी मशीन परत लावलं. म्हणाले, हरकत नाही, उद्या. दुसऱ्या दिवशी तेवढंही टिकली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्याहून कमी.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. ताप नाही, छातीत कफ नाही. हाताला ताकद आहे, मान उचलते, मग श्वासाला का दमते हे त्यांना उमगेना. मला बोलावून त्यांनी सरळ सांगितलं की असंच चाललं तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल आणि पुण्याला न्यावं लागेल. जितके दिवस मशीन जास्त, तितकी छाती आळशी होते आणि आत रोग शिरतो. मी विचारलं, मग ही मशीनवरच राहणार का? ते म्हणाले, मला तरी तसं होऊ द्यायचं नाही.

त्याच दुपारी सिस्टर तिचं अंग पुसत होती. हातावर, पायावर चिमट्यांचे काळेनिळे वण. तिनं मला विचारलं, हे काय?

मी खरं ते सांगितलं. छाती पुढं काढून सांगितलं म्हटलं तरी चालेल. "सिस्टर, आल्यापासनं एकदा बी तिचा डोळा लागू दिला न्हाई आमी."

सिस्टरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "एकदाबी?"

"डुलकी लागली की उठीवतो. दिसा बी, रात्री बी. पाळ्या लावल्यात."

तिनं मग दारात बसलेल्या आत्याकडं बघितलं. म्हणाली, "राव, तुमी रातभर चिखलणी करून सकाळी परत औत धराल का? ही बाई श्वास कुठनं घेणार? सापानं सोडली ती तुमी धरली."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसले. मग हसू गेलं आणि म्हणाले, चूक आमचीही आहे, आम्ही विचारलं नाही. आता सगळे बाहेर. हिला झोपू द्या.

सगळे बाहेर आले. सिस्टरनं दिवा बारीक केला, मला एकट्याला स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, झोप. तिनं दोन बोटं उचलली. नाही. पुन्हा सांगितलं, डॉक्टर म्हणतात झोप. दोन बोटं. डोळे मिटायला लागले की ती दचकून उघडायची, आणि डोळ्यांत भीती अशी की मला बघवेना. आम्ही उठवायचं थांबलो तर आता ती स्वतःच स्वतःला उठवत होती. लहानपणापासून ऐकलेलं, विख अंगात असताना झोपलं की संपलं. ते काय डॉक्टरच्या सांगण्यानं जातं? डॉक्टर झोपेचं औषध द्यायला तयार नव्हते. त्यानं श्वास अजून बसेल म्हणाले.

मग तिनं हात उचलला, दोन बोटांनी झाडावरून काहीतरी ओरबाडल्यासारखं केलं आणि तोंडातल्या नळीकडं नेलं. मला कळलं. पाला. तिला पाला हवा होता. पाला कडू लागला पाहिजे आणि ज्यानं दोरा बांधला त्यानं 'नीज' म्हटलं पाहिजे. तोवर ती झोपणार नव्हती.

मी भीत भीत डॉक्टरांना विचारलं. वाटलं आता हाकलून देतात. त्यांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर म्हणाली, तोंड तर रोज पुसतोच आपण, कापसाला रस लावून जिभेला लावू, पोटात काही जाणार नाही. डॉक्टर म्हणाले, आणा तुमच्या म्हाताऱ्याला.

मी घोडेगावला एसटीनं गेलो. पुढची गाडी चुकली, डिंभ्यापर्यंत मासेवाल्याच्या टेम्पोत बसलो, तिथून चालत. म्हातारा अंगणात सुंभ वळत होता. मी सगळं सांगितलं. तो डोळे मोठे करून म्हणाला, "अजून जागी हाय ती? मी घोडेगावपातूर म्हणलो व्हतो, राव."

खरंच तसंच म्हणाला होता. कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. निजू देऊ नको एवढंच आम्ही ऐकलं होतं.

काचेच्या खोलीच्या दारात येऊन म्हातारा थबकला. एवढ्या नळ्या, एवढे दिवे. म्हणाला, मी इथूनच सांगतो. सिस्टरनं त्याला हात धुवायला लावले, अंगात हिरवा झगा घातला आणि पुढं ढकलला. पाल्याचा रस कापसाला लावून तिनंच नळीच्या कडेनं बायकोच्या जिभेला लावला. बायकोचं सगळं तोंड असं वाकडं झालं की नळीसुद्धा हलली. मशीन शिटी मारायला लागलं. म्हातारा दोन पावलं मागं सरला.

"कडू हाय का?" त्यानं लांबूनच विचारलं.

एक बोट.

मग तो जवळ आला, तिच्या मनगटाचा काळा दोरा तोडला आणि मुठीत घेतला. म्हणाला, "उतरलं बयो. नीज आता."

म्हातारा झगा काढून दाराबाहेर पडला नसेल, तोवर ती झोपली होती. पाल्यानं काही झालं नाही, हे मलाही कळतं. जे केलं ते झोपेनं केलं. पण ती झोप तिला दुसऱ्या कुणाला देता आली नसती.

आत्यानं काचेच्या दाराबाहेर चटई टाकली. जितक्या जोरानं जागं ठेवलं होतं तितक्याच जोरानं आता ती झोप राखायला लागली. गावाकडून आलेल्या माणसांना तिनं जिन्यातूनच परत पाठवलं. फरशी पुसणारीची बादली वाजली म्हणून तिच्याशी भांडली. डॉक्टर आले तर त्यांनाही म्हणाली, "झोपलीया. मागनं या." डॉक्टर खरंच मागनं आले.

मधे फक्त औषधाला जागी करत. ती एवढी झोपली की मला भ्या वाटायला लागलं. मी स्टुलावर बसून तिच्या छातीकडं बघत राहायचो.

झोप पुरी झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा सकाळी मशीन सोडवलं. या खेपेला मला आत बसू दिलं. तिनं श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. थोड्या वेळानं सिस्टर मला म्हणाली, "तुमाला काय झालं? तुमी का धापताय?" मला माहीतच नव्हतं. पिशवी दाबताना लागलेली सवय. ती घेईल तेव्हा मी घेत होतो, ती अडखळली की मीही. मी सिस्टरला जीपमधलं सांगितलं. ती म्हणाली, "मग नीट करा की. सावकाश. ती तुमच्याकडंच बघतीय."

खरंच ती माझ्या छातीकडं बघत होती. मी लांब श्वास घेतला, लांब सोडला. तिचे खांदे उचलायला लागले होते, ते खाली आले. मी घाई केली नाही. खड्डा आला की थांबायचं, पुढं जायचं. बैलाचं काम जसं वाढवत नेतात तसं डॉक्टर वाढवत गेले. सकाळी तेवढं, संध्याकाळी थोडं जास्त, मधे मशीन आणि झोप. शेवटी एकदा मशीन सोडवलं ते परत लावावं लागलं नाही. ते बाजूला भिंतीशी नुसतं उभं राहिलं.

नळी काढली त्या वेळी डॉक्टर, सिस्टर, मी आणि दारात आत्या. डॉक्टरांनी खोकायला लावलं, नळी ओढली. तिनं खोकून घेतलं, पाण्याचा बोळा ओठांना लावून घेतला. आवाज सगळा घोगरा. आम्ही सगळे वाकून ऐकतोय, आता काय बोलते. तिनं मान वळवून आत्याला शोधलं.

"आत्याबाई, बाई बघून ठिवली का?"

सिस्टर हसत खोलीबाहेर गेली. आत्यानं कपाळावर हात मारला, मग तिच्या पायाला धरून रडली, मग स्वतःच हसायला लागली. मी कुठं बघावं ते मला कळेना. डॉक्टर विचारत होते, कोण बाई? कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर बरेच दिवस तिला जिना, चढ असलं काही झेपत नव्हतं. हळूहळू झेपलं. पुढच्या लावणीला ती चिखलात उभी होती. पण दुपारी जेवणानंतर ती थोडं पडायचीच, आणि पडली की तिला कुणी हाक मारायची नाही हे ठरलेलं. पाहुणा आला तरी नाही, म्हैस सुटली तरी नाही. आत्या असेपर्यंत आत्याच ते बघायची. आत्या गेल्यावर मी. पडताना ती रोज तेच म्हणायची, "पडते जरा. बाई बघायला जाऊ नका." मीही रोज तेच म्हणायचो, की जातो म्हणून. एवढ्या वर्षांत दोघांपैकी कुणाला त्याचा कंटाळा आला नाही.

फाल्गुनातल्या त्या दुपारीही तेच झालं. जेवण झालं, तिनं ताटं घासली, पडवीत घोंगडी टाकली आणि रोजचं ते म्हणाली. मी म्हटलं, जातो. आणि बाजूला बसून दावं वळायला घेतलं. तिचा श्वास ऐकायची मला सवय. ऐकत ऐकत वळत होतो. कधी थांबला ते कळलं नाही. दावं पुरं झालं, ऊन उंबऱ्यावरून सरकलं, तरी मी हाक मारली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, उठवूनही काही झालं नसतं. असेल तसं. पण मी हाक मारली नाही ती त्यासाठी नव्हे, तिची झोप मोडायची नाही म्हणून.

त्या पाव्हण्याला एवढंच सांगायचं आहे. ती निवांत झोपली होती, आणि मी कुठं गेलो नव्हतो. तिथंच बसलो होतो.